बेक की रोस्ट? एकाच ओव्हनमधले दोन शब्द

प्रश्न असा आहे: इंग्रजी रेसिपीत कोंबडी 'रोस्ट' करायला सांगतात आणि केक 'बेक' करायला. दोन्ही ओव्हनमध्येच जातात, तापमानही पुष्कळदा सारखंच असतं. बटाटा तर कधी बेक्ड असतो, कधी रोस्ट. मग नेमका फरक काय? ओव्हनवर वेगळं बटण फिरवायचं का? आणि आपली 'भाजणे' ही क्रिया इंग्रजीत लिहिताना यातला कोणता शब्द घ्यावा?

हॉटेलच्या किचनमध्ये आणि पुढे केटरिंगच्या वर्गात हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की एकदा सविस्तरच लिहितो. आधी थेट उत्तर. आजच्या घरगुती ओव्हनमध्ये बेक आणि रोस्ट या मुळात एकाच क्रिया आहेत: बंद पेटीत, कोरड्या गरम हवेत पदार्थ शिजवणं. पूर्वी मात्र त्या पूर्णपणे वेगळ्या होत्या. रोस्ट हा उघड्या आगीचा शब्द होता आणि बेक हा भट्टीचा. आग घरातून गेली, पण शब्द कुणी टाकून दिला नाही. तो भट्टीतल्या मांसाला चिकटला. त्यामुळे आज कोणता शब्द वापरायचा हे उष्णतेवरून ठरत नाही, आत काय ठेवलंय त्यावरून ठरतं.

आता हे कसं झालं ते पाहू, कारण ते कळलं की रेसिपी वाचताना अर्धे गोंधळ आपोआप सुटतात.

बेक हा अस्सल जुना इंग्रजी शब्द. जुन्या इंग्रजीत 'बाकान', जर्मनमध्ये 'बाकेन'. बेकर, बॅक्स्टर ही आडनावं त्यातलीच. बॅक्स्टर म्हणजे मुळात पाव भाजणारी बाई. एका वेळी भट्टीतून निघणारा घाणा तो 'बॅच', हा शब्दही बेकचाच सख्खा नातेवाईक. आज आपण कॉलेजची बॅच म्हणतो तेव्हा पावाची भट्टी कुणाच्या डोक्यात नसते ते सोडा. रोस्ट मात्र फ्रेंचांकडून आला, 'रोस्तीर' या क्रियापदातून, साधारण १३०० च्या सुमारास. गंमत म्हणजे फ्रेंचांनीही तो जर्मनिक भाषेतून उचलला होता. जर्मनमध्ये लोखंडी जाळीला आजही 'रोस्ट' म्हणतात. बॉइल, फ्राय, स्ट्यू, सॉस हेही फ्रेंचांकडून इंग्रजीत आले. इंग्लंडवर नॉर्मन राजवट आल्यावर वरच्या वर्गाच्या ताटाची भाषा फ्रेंच झाली, आणि गावच्या पावाची भट्टी मात्र जुन्याच शब्दावर चालत राहिली.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कवी चॉसरने 'कँटरबरी टेल्स'च्या प्रस्तावनेत एका स्वयंपाक्याचं वर्णन केलंय. त्याला रोस्ट करता येतं, उकडता येतं, ब्रॉइल (म्हणजे तीव्र धगीजवळ धरून भाजणं) करता येतं, तळता येतं, आणि 'पाय' (पिठाच्या कवचात सारण भरून भाजलेला पदार्थ) उत्तम बेक करता येतो, असं तो सांगतो. या एका वाक्यात सगळा मामला आहे. रोस्ट ही मांसाची क्रिया म्हणून आधी येते आणि बेक येतं ते पायसाठी. मांस बेक व्हायचं ते पिठाच्या जाड कवचाच्या आत, म्हणजे पाय म्हणूनच. शेक्सपिअरच्या हॅम्लेटमध्ये बापाच्या अंत्यविधीला केलेले 'बेक्ड मीट्स' आईच्या लग्नाला थंडच वाढले गेले असं हॅम्लेट उपरोधाने म्हणतो. ते म्हणजे मांसाचे पायच. त्यांचं कवच जाड असायचं, आतलं मांस टिकायचं, म्हणून दुसऱ्या समारंभाला उपयोगी पडणं शक्य होतं.

रोस्ट कसं व्हायचं याबद्दल लोकांचा एक ठाम गैरसमज असतो: मोठी आग, तिच्यावर अख्खा प्राणी सळईला टांगलेला. सिनेमात असंच दाखवतात. प्रत्यक्षात मांस आगीच्या वर नसायचं, समोर असायचं. वर धरलं की चरबी आगीत गळते, भडका उडतो, मांस बाहेरून काळं होतं आणि धुराने कडवट होतं. भिंतीतल्या मोठ्या चुलाण्यात लाकडं किंवा कोळसे उंच रचायचे, त्यांच्यापुढे आडवी सळई फिरत ठेवायची, आणि सळईखाली गळणारी चरबी धरायला लांबट पसरट भांडं. तीच चरबी पळीने पुन्हा मांसावर ओतायची. याला बेस्टिंग म्हणतात. लंडनजवळ हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात आठव्या हेन्रीच्या मुदपाकखान्यातली अशी चुलाणी आजही बघता येतात.

या पद्धतीत स्वयंपाकाच्या दृष्टीने काय घडतं ते समजून घेण्यासारखं आहे. आगीची धग थेट किरणांनी पोहोचते. मांसाची जी बाजू आगीकडे असते ती तापते आणि फिरून मागे गेली की थोडी निवते. त्यामुळे वरचा थर सतत तापत-निवत राहतो, खरपूस होतो, पण आतला भाग हळूहळू, समान शिजतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भोवती मोकळी हवा असते. मांसातून निघणारी वाफ क्षणात उडून जाते आणि पृष्ठभाग कोरडा राहतो. पृष्ठभाग कोरडा असला तरच तो १०० अंशांच्या वर चढतो, आणि १४० च्या आसपास गेला की प्रथिनं आणि साखर यांच्यातली ती प्रसिद्ध तांबूस करणारी प्रक्रिया जोरात सुरू होते. लुई-कमीय मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये ती मांडली म्हणून तिला त्याचं नाव. दाणे भाजताना जो वास सुटतो तो हाच.

भट्टीचं तंत्र अगदी उलट. विटांच्या घुमटात लाकडं जाळायची, विटा तापल्या की निखारे बाहेर ओढायचे, फरशी पुसायची, पाव आत सारायचे आणि तोंड बंद करायचं. आग आता नाहीच. भिंतींनी साठवलेली धग हळूहळू उतरत जाते. आत वाफ कोंडते. पावाला ती हवीच असते: सुरुवातीची वाफ कवच मऊ ठेवते, पाव फुगतो, मग कवच धरतं. मांसाला मात्र हीच वाफ मारक.

म्हणून त्या काळच्या इंग्रजाला कुणी सांगितलं असतं की भट्टीत ठेवलेलं मांस म्हणजे रोस्ट, तर तो हसला असता.

सळई फिरवायची कोणी, हाही मोठाच प्रश्न होता. सुरुवातीला पोरं. आगीच्या शेजारी तासन्‌तास बसून दांडा फिरवायचा, याहून वाईट नोकरी विरळाच. मग सोळाव्या शतकापर्यंत कुत्रे आले. आखूड पायांची, लांबट अंगाची 'टर्नस्पिट' नावाची कुत्री भिंतीवरच्या चाकात चालायची आणि दोरीने सळई फिरायची. १५७६ साली इंग्रजीत छापलेल्या कुत्र्यांवरच्या एका पुस्तकात त्यांचा उल्लेख आहे. एकोणिसाव्या शतकात ही जात नाहीशी झाली. वेल्समधल्या अ‍ॅबरगॅव्हेनीच्या संग्रहालयात पेंढा भरलेली एक कुत्री तेवढी उरली आहे, तिचं नाव व्हिस्की. कुत्र्यांबरोबरीने वजनावर चालणारी यंत्रं आली, धुराड्यातल्या वर जाणाऱ्या हवेवर फिरणारे पंखे आले, शेवटी किल्लीचं, घड्याळासारखं यंत्र आलं. तुमच्या ओटीजीबरोबर (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) 'रोटिसरी' म्हणून जी फिरणारी सळई मिळते ती या सगळ्यांची वारसदार. जुन्या अर्थाने खरं रोस्टिंग जर तुमच्या घरात कुठे होत असेल तर ते तिथे. बहुतेकांच्या घरी ती सळई खोक्यातून बाहेरही आलेली नसते.

अठराव्या शतकात इंग्रज आणि रोस्ट बीफ हे समीकरण पक्कं झालं. १७४८ मध्ये इंग्लंडमध्ये आलेला स्वीडिश प्रवासी पेर काल्म लिहितो की मांसाचा तुकडा नीट रोस्ट करण्याची कला इंग्रजांइतकी क्वचितच कुणाला साधली असेल. आणि लगेच पुढे टोला हाणतो की त्यांची पाककला रोस्ट बीफ आणि प्लम पुडिंगच्या फारशी पलीकडे जात नाही. त्याच वर्षी इंग्रज चित्रकार हॉगार्थने कॅले या फ्रेंच बंदराच्या वेशीचं चित्र काढलं: मध्यभागी इंग्रजी बीफचा प्रचंड तुकडा आणि त्याच्याकडे आधाशासारखे बघणारे फ्रेंच. फ्रेंचांनी इंग्रजांना 'रोझबिफ' असं नाव ठेवून उट्टं काढलं. शब्दाचा प्रवास बघा: जर्मनिक मुळातून फ्रेंचमध्ये, तिथून इंग्रजीत, आणि बीफला बरोबर घेऊन परत फ्रेंचमध्ये.

यॉर्कशर पुडिंगही याच चुलाण्याखाली जन्मलं. गळणाऱ्या चरबीच्या भांड्यात पातळ पिठाचं मिश्रण ओतायचं, मांस भाजता भाजता ते खाली फुगायचं. १७३७ मध्ये ते 'ड्रिपिंग पुडिंग' म्हणून छापलं गेलं आणि १७४७ मध्ये पाकपुस्तक लिहिणाऱ्या हॅना ग्लासने त्याला यॉर्कशरचं नाव दिलं. आज ते ओव्हनमध्ये वेगळ्या साच्यात करतात आणि रोस्टशेजारी ठेवतात, मूळ शेजार तुटला तरी.

हे सगळं वैभव ज्याच्याकडे चुलाणं, कोळसा आणि मोठा तुकडा होता त्याचं. शहरातल्या गरिबाकडे धड शेगडी नव्हती. तो काय करायचा? रविवारी बेकरची भट्टी पाव काढून मोकळी पण अजून गरम असायची. लोक आपापलं जेवण भांड्यात घालून तिथे नेऊन द्यायचे, थोडे पैसे देऊन भाजून आणायचे. डिकन्सच्या १८४३ च्या 'अ ख्रिसमस कॅरोल'मध्ये क्रॅचिट कुटुंबाचं हंस असंच बेकरकडून भाजून येतं. आपल्याला ही पद्धत परकी वाटायचं कारण नाही. दिवाळीच्या आधी रवा, मैदा, तूप, साखर घेऊन किंवा घरी मळलेला गोळा घेऊन बेकरीत रांग लावणं आणि पत्र्याच्या डब्यात नानकटाई भरून आणणं हे महाराष्ट्रातल्या गावागावांत चालत आलंय. 'भट्टीवरून करून आणली' हे शब्द आजही ऐकू येतात. घरात ओव्हन असणं ही सर्वसामान्य गोष्ट दोन्हीकडे उशिराच झाली.

आता वळण येतं. १७८० मध्ये थॉमस रॉबिन्सन याने लंडनमध्ये कोळशाच्या शेगडीला शेजारी लोखंडी ओव्हन जोडलेल्या रेंजचं पेटंट घेतलं. पुढच्या दोन दशकांत काउंट रम्फर्ड या अमेरिकेत जन्मलेल्या शास्त्रज्ञाने मांसासाठी खास बंद 'रोस्टर' बनवला. तो हुशार माणूस. बंद पेटीत वाफ कोंडते हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याने खाली गरम हवेच्या नळ्या आणि वर वाफ बाहेर जायची वाट ठेवली. म्हणजे ओव्हनमध्ये रोस्ट होईल हे म्हणायच्या आधी त्याने ओव्हनला थोडं आगीसारखं वागायला लावलं. एकोणिसाव्या शतकात रेंज मध्यमवर्गाच्या घरात शिरली आणि लोक मांस सर्रास तिच्या ओव्हनमध्ये ठेवू लागले. आगीपुढे उभं राहून सळई सांभाळायला आता नोकर परवडत नव्हता, कोळसा कमी लागत होता, आणि दार बंद केलं की दुसरं काम करता येत होतं.

१८६१ च्या आपल्या जाडजूड गृहव्यवस्थेच्या पुस्तकात मिसेस बीटन अजूनही फरक करतात. मांस रोस्ट करणं आणि बेक करणं यांतला फरक त्या असा सांगतात की बेक करताना निघणाऱ्या वाफा रोस्टसारख्या निघून जात नाहीत. पण नव्या बनावटीच्या ओव्हनमध्ये हा दोष बराच कमी झाला आहे, अशी पुस्तीही जोडतात. म्हणजे तोवर ओव्हनमधलं मांस अधिकृतपणे 'बेक्ड'च होतं, पण जमीन सरकू लागली होती. गॅसचे ओव्हन आले. १९२३ मध्ये ब्रिटनमध्ये 'रेग्युलो' नावाचं तापमान राखणारं बटण आलं आणि गॅस मार्क १, २, ३ अशी भाषा रूढ झाली. तोपर्यंत उघड्या आगीपुढे रोस्ट करणं घरांतून जवळजवळ संपलं होतं. मग रविवारच्या मांसाला काय म्हणायचं? बेक्ड बीफ? इंग्रजाच्या तोंडून ते निघणं शक्य नव्हतं. पद्धत गरिबाघरची झाली तरी नाव श्रीमंताघरचंच ठेवलं गेलं. माझ्या मते सगळ्या गोंधळाचं मूळ या एका सामाजिक आग्रहात आहे; त्यात रसायनशास्त्र फार थोडं.

आता आजच्या वापराकडे येऊ.

आज इंग्रजीत साधारण नियम असा: ओव्हनमध्ये जाताना ज्याला स्वतःचा आकार आणि घट्टपणा आहे आणि ज्याचं बाहेरचं अंग खरपूस व्हावं अशी अपेक्षा आहे, ते रोस्ट. मांसाचा मोठा तुकडा, अख्खी कोंबडी, फ्लॉवर, रताळं, लसणाचा गड्डा. आत जाताना जे पातळ, मऊ किंवा सुटं आहे आणि आत गेल्यावर धरणार आहे, ते बेक. पाव, केक, बिस्किट, कस्टर्ड, लझान्या. रोस्टला तेल किंवा चरबी बाहेरून लावलेली असते, भांडं उथळ आणि उघडं असतं, तापमान बहुधा चढं, २०० ते २२०. बेक साधारण १६० ते १९०, पण पाव २२० च्याही वर जातो, म्हणून तापमानावरून ओळखायला जाल तर फसाल.

बटाट्याचं उत्तर आता सोपं आहे. बेक्ड बटाटा म्हणजे अख्खा, सालासकट, टोचे मारून २०० अंशांवर तासभर. साल कडक, आत भुसभुशीत. आतला गर वाफेतच शिजतो. ब्रिटनमध्ये त्याला जॅकेट पोटॅटो म्हणतात. रोस्ट बटाटा म्हणजे सोलून, तुकडे करून, अर्धवट उकडून, चाळणीत हलवून कडा खडबडीत करून, कडकडीत तापलेल्या चरबीत सोडून मधूनमधून उलटत केलेला. पूर्वी हे बटाटे सळईखालच्या चरबीत पडायचे, म्हणून त्यांना मांसाचंच नाव.

अपवाद भरपूर आहेत आणि त्यांना तर्क लावत बसू नये. मीठ लावून मुरवलेली डुकराची मांडी 'बेक्ड हॅम' होते, रोस्ट होत नाही. मासा बहुधा बेक्ड. अमेरिकेत कोंबडी अख्खी असेल तर रोस्ट, तुकडे करून सॉसमध्ये ठेवली तर बेक्ड. 'पॉट रोस्ट' तर मुळीच रोस्ट नाही. झाकणाच्या भांड्यात थोड्या पाण्यात मंद शिजवलेलं मांस आहे ते. न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावरचं 'क्लॅमबेक' म्हणजे तापलेल्या दगडांवर समुद्रशेवाळ घालून वाफवलेले शिंपले. आणि त्रिनिदादला गेलात तर 'बेक अँड शार्क' मागून बघा. त्यातला 'बेक' हा तळलेला पाव असतो.

इथेच ग्रिल आणि ब्रॉइलचंही उरकून टाकतो. वरून जवळच्या तीव्र धगीने भाजणं याला अमेरिकन ब्रॉइल म्हणतात, ब्रिटिश ग्रिल म्हणतात. अमेरिकनांचं ग्रिल म्हणजे खालून आग, वर जाळी. चॉसरकडे ब्रॉइल आहे. ग्रिल हा सतराव्या शतकात फ्रेंचांकडून आलेला शब्द. भारतात मिळणाऱ्या ओटीजीवर ब्रिटिश पद्धत असते: 'ग्रिल' म्हणजे वरची कॉइल. अमेरिकन रेसिपीत 'ब्रॉइल' दिसलं की तेच बटण.

आपल्याकडे इंग्रजी रोस्टने आणखी वेगळीच वळणं घेतली. वसाहतकाळच्या भारतातल्या स्वयंपाकघरांत ओव्हन क्वचितच असायचा. साहेबाला रविवारी रोस्ट हवा म्हटल्यावर खानसामा तो पातेल्यात करायचा: मांस तुपात किंवा चरबीत चहूबाजूंनी तांबूस करायचं, थोडं पाणी, झाकण, मंद आच, आणि शेवटी पाणी आटवून परत परतायचं. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांमधलं 'आसाद' हेही याच वाटेने जाणारं. पोर्तुगीज 'असादो' म्हणजे भाजलेलं, पण शिजतं ते भांड्यात आणि मग काप काढून वाढतात. केरळचं 'बीफ रोस्ट' किंवा 'चिकन रोस्ट' म्हणजे कढईत कोरडा होईपर्यंत परतलेला मसाला. कुंदापूरचं 'घी रोस्ट' हेही कढईतलंच. उडुपी हॉटेलात तर 'पेपर रोस्ट' म्हणजे कुरकुरीत पातळ डोसा. दक्षिणेत रोस्ट याचा अर्थ 'परतून कोरडं, खमंग, कुरकुरीत' असा स्थिरावला आणि माझ्या मते तो इंग्रजीतल्या आजच्या वापराइतकाच कायदेशीर आहे. ज्या भाषेने भट्टीतल्या मांसाला रोस्ट म्हणायचं ठरवलं तिने तव्यावरच्या डोशाला हरकत घ्यायचं कारण नाही.

पुड्यांवरचं 'रोस्टेड' मात्र सांभाळून वाचा. रोस्टेड चिवडा, रोस्टेड शेव, बेक्ड चकली यात शब्दाचा अर्थ एवढाच उरलाय की 'तळलेलं नाही, काळजी करू नका'. तेल किती घातलंय ते मागच्या बाजूच्या तक्त्यात बघा. पुढच्या शब्दावर जाऊ नका.

तंदूर हे या दोन शब्दांच्या वादातलं सुंदर उदाहरण. एकाच मातीच्या भट्टीत भिंतीला चिकटवलेला नान बेक होतो, कारण त्याला तापलेल्या भिंतीची साठलेली धग मिळते. मधोमध सळईवरची कोंबडी रोस्ट होते, कारण तिला निखाऱ्यांची थेट धग मिळते आणि तोंड उघडं असल्यामुळे वाफ निघून जाते.

आता प्रश्नाचा शेवटचा भाग: 'भाजणे' इंग्रजीत कसं लिहायचं. मराठी रेसिपी इंग्रजीत लिहिणाऱ्यांची सवय म्हणजे प्रत्येक ठिकाणी रोस्ट. मराठीत दाणे भाजतात, रवा भाजतात, पापड भाजतात, वांगं भाजतात, भाकरी भाजतात, पाव भाजतात, अगदी केकही भाजून झाला का असं विचारतात. आपल्याला एका शब्दात भागतं कारण बाकीचं सगळं पदार्थावरून कळतं. इंग्रजी वाचकाला ते कळत नाही. रोस्ट वाचला की परदेशातला माणूस ओव्हन तापवायला घेतो. परदेशात वाढलेल्या आपल्याच पोरांनी 'रोस्ट द रवा' वाचून रवा ट्रेमध्ये पसरून ओव्हनमध्ये ठेवल्याचं मी पाहिलंय. चुकलं म्हणता येणार नाही, सांगणाऱ्याने तसंच सांगितलं होतं.

दाणे, जिरे, धणे, तीळ कोरडे भाजायचे असतील तर भारतीय इंग्रजीत 'ड्राय रोस्ट' रूढ आहे. ब्रिटिश किंवा अमेरिकन वाचकासाठी 'कोरड्या पॅनमध्ये टोस्ट करा' असं लिहिलं की लगेच समजतं. रवा तुपात भाजायचा असेल तर 'तुपात मंद आचेवर, ढवळत, रंग येईपर्यंत' हे सगळं लिहावं. तिथे एका शब्दाने काम होत नाही. भरताचं वांगं गॅसवर धरायचं असेल तर 'थेट आचेवर, साल करपेपर्यंत' असं स्पष्ट लिहा, कारण ओव्हनमध्ये केलेल्या वांग्याला तो धुराचा वास येत नाही. वाटणासाठी कांदा-खोबरं भाजताना तेल घालणार असाल तर ते 'ब्राउन करणं' आहे. विस्तवावर अख्खा कांदा भाजणार असाल तर ते रोस्ट. पापड आणि कणीस विस्तवावर भाजलं तर रोस्ट हा शब्द अगदी जुन्या अर्थाने बरोबर बसतो. थालीपिठाच्या भाजणीला मात्र भाजणीच म्हणा आणि खाली समजावून सांगा.

भाकरीबद्दल लोकांना आश्चर्य वाटेल, पण तिच्यासाठी 'बेक' हाच शब्द इंग्रजी परंपरेत बसतो. वेल्स आणि उत्तर इंग्लंडमध्ये जाड लोखंडी तव्याला 'बेकस्टोन' म्हणतात आणि त्यावर ओटकेक, वेल्श केक भाजतात. स्कॉटलंडमध्येही तव्यावरचे बॅनक (जाड, चपटे पाव) 'बेक'च होतात. बेकसाठी ओव्हन लागतोच हा समज अलीकडचा. 'तव्यावर बेक करा, मग आचेवर फुगवा' असं लिहिलंत तर भाकरीचं वर्णन अचूक होतं.

ओटीजीवर काय करायचं ते सांगून थांबतो. केक, बिस्किट, पावासाठी वरखाली दोन्ही कॉइल, मधली जाळी, आधी दहा-पंधरा मिनिटं तापवलेला ओव्हन, आणि दार सारखं उघडायचं नाही. भाज्या, बटाटा किंवा कोंबडी रोस्ट करायची असेल तर उथळ ट्रे, झाकण किंवा फॉइल नाही, तुकडे एका थरात आणि एकमेकांपासून सुटे. दाटीवाटीने भरलेल्या ट्रेमध्ये भाज्या स्वतःच्या पाण्यात उकडतात, मग तापमान कितीही वाढवा, रंग येत नाही. घालण्यापूर्वी धुतलेलं सगळं कापडाने कोरडं पुसा. पंख्याचा ओव्हन असेल तर रेसिपीतल्या आकड्यातून २० अंश कमी करा. पंखा हवा खेळती ठेवतो, वाफ पळवतो, म्हणून रोस्टला तो चांगला आणि नाजूक केकला कधी कधी वाईट. कोंबडीच्या मांडीत, हाडाला न टेकवता, थर्मामीटर खुपसून ७४ अंश दिसले की काढा आणि दहा मिनिटं तशीच राहू द्या, मगच सुरी लावा. रोटिसरीची सळई खोक्यात असेल तर ती काढा, कोंबडीचे पाय आणि पंख दोऱ्याने घट्ट बांधा, खाली ट्रेमध्ये बटाट्याचे उकडलेले तुकडे ठेवा. चरबी त्यांच्यावर गळेल.